कीबोर्ड पुसला की आठ दिवस बरा, मग पुन्हा तेच रडगाणं

आमचं सेवा केंद्र मानवत तालुक्यातल्या एका गावात, रस्त्याला लागून आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, वीजबिल, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं एकाच टेबलावर चालतं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा जुलैभर सकाळी सातपासून रांग असायची. नेमक्या त्याच महिन्यात कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांतलं ५ चं बटण बिघडलं. एकदा दाबलं की कधी एक पाच उमटायचा, कधी दोन, कधी तीन.

आधार क्रमांकात असं झालं तर फारसं बिघडत नाही. बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मध्येच जास्तीचा पाच घुसला की पोर्टल बहुतेक वेळा तिथल्या तिथे अडवतं. गट क्रमांकाला असली राखण नाही. २५ चा २५५ झाला तर अर्ज निमूट पुढे सरकतो आणि भलत्याच वावराचा विमा निघायची वेळ येते. एकदा तसं होता होता राहिलं. समोर बसलेले अण्णा चष्म्यातून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "साहेब, हे वावर आमच्या भाऊकीचं बी नाही." म्हणून वाचलो.

त्यानंतर मी जे केलं ते जवळजवळ सगळेच करतात. कोरोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली कपाटात पडून होती. ती फडक्यावर ओतली आणि बटणं चोळून काढली. कीबोर्ड नव्यासारखा दिसायला लागला, पाच नीट उमटायला लागला. आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा दोन-दोन पाच. पुन्हा सॅनिटायझर. असं चार वेळा झालं. शेवटी वैतागून बटण उपटलं, तर खाली मळाचा काळपट, चिकट थर. काडीने खरवडला तर मेणासारखा वळला.

त्या थरात काय काय होतं ते बघितल्यावर सगळा उलगडा झाला. आपली काळी माती. ही चिकणमाती असते आणि तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. कोरडी असते तोवर फुफाटा, ओल लागली की लोणी. त्यात रुईचे तंतू, कारण दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे आमच्याच दारावरून जातात. थोडी सोयाबीनच्या मळणीची भुस्कट. पांढरट ठिपके दिसले ते चुन्याचे. तंबाखू मळलेल्या बोटांनीच आमचे पाहुणे ओटीपी सांगता सांगता कीबोर्डवर आकडा दाखवतात, "हा बघा, हा." आणि या सगळ्याला धरून ठेवणारा डिंक मी स्वतः ओतला होता. सॅनिटायझर म्हणजे नुसतं अल्कोहोल नव्हे. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातसुद्धा १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे, आणि जेलच्या बाटलीत वर घट्टपणा आणणारा पदार्थही असतो. अल्कोहोल उडून जातं, हे मागे राहतं. ओला असताना मळ सैल होतो म्हणून आठ दिवस बरं वाटतं. मग त्या चिकट्यावर नवा फुफाटा बसतो आणि बटण पहिल्यापेक्षा जास्त अडकतं. दर खेपेला मी साफ करत नव्हतो, थर चढवत होतो.

मळ आहे की दुसरंच काही

फडकं हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं हे बघा. बऱ्याचदा कीबोर्ड बिचारा स्वच्छच असतो.

कीबोर्डवर दप्तर किंवा पोराचं कोपर बराच वेळ टेकलं की विंडोजमधल्या काही सोयी नकळत चालू होऊ शकतात. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं की फिल्टर कीज लागू शकतं. मग बटणं हलकी दाबली तर काहीच उमटत नाही, धरून ठेवली तर उमटतं. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबलं गेलं तर स्टिकी कीज, म्हणजे शिफ्ट सोडलं तरी पुढच्या बटणाला ते दाबलेलंच धरलं जातं. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दोन्ही बंद करा, शॉर्टकटसुद्धा बंद करा. आमच्याकडे एका मावशींच्या नातवाने हा प्रकार केला होता आणि मी अर्धा तास ब्रश फिरवत बसलो होतो.

नमलॉकचा दिवा बघा, तो बंद असेल तर उजवीकडचे आकडे उमटत नाहीत. कीबोर्ड दुसऱ्या यूएसबी खाचेत लावा, जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. नोटपॅड उघडा, भाषा इंग्रजीवर आणा. मराठी लेआउटवर असताना कुठलं बटण काय उमटवतं याचा गोंधळ होतो. मग शंका असलेलं बटण वीस वेळा दाबा आणि मोजा. आकड्याचं बटण असेल तर वरच्या ओळीतला तोच आकडाही दाबून बघा. दोन्हींचे सांधे वेगळे असतात. वरचा ५ ठीक आणि उजवीकडचा ५ वेडा, म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नाही, त्या बटणाचाच.

आता खरी पारख. बटण दाबून सोडल्यावर ते कसं वर येतं ते बोटाला कळतं. हळू, जड वर येत असेल तर मळ वरच्या बाजूला, बटणाच्या दांड्याभोवती आहे. एका दाबात दोन-तीन अक्षरं यायचं कारण बहुधा हेच: बटण वेळेत सुटत नाही, आणि धरून ठेवलंय असं समजून विंडोज तेच अक्षर पुन्हा पुन्हा टाकतं. पुन्हा टाकायला लागण्याआधी विंडोज जी वाट बघतं ती सेटिंगप्रमाणे पाव ते एक सेकंदाची असते. बटण टुणकन वर येतं पण काहीच उमटत नाही, तर दोष बटणांखालच्या सर्किटच्या पापुद्र्यांत आहे. आणि एकाच वेळी चार-पाच बटणं मेली असतील तर साफसफाईच्या नादी लागू नका. कीबोर्डच्या आत बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडलेली असतात. एक तार तुटली किंवा गंजली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. तिथे ब्रश काही करू शकत नाही.

कोरडं आधी, ओलं नंतर

कॉम्प्युटर बंद करा आणि कीबोर्डची वायर काढा. जुन्या गोल, जांभळ्या पिनचा कीबोर्ड असेल तर कॉम्प्युटर चालू असताना पिन ओढायची नाही. बिनवायरचा असेल तर सेल काढा.

कीबोर्ड उलटा धरून वर्तमानपत्रावर हलके थोपटा. आमच्या कीबोर्डातून पहिल्या खेपेला तांदळाचे दाणे पडले. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली होती, अक्षता आणि हळदकुंकू थेट बटणांवर. मग रंगकामाचा एक इंची मऊ ब्रश घ्या, नवा आणि कोरडा. कीबोर्ड तिरका धरून वरून खाली बटणांच्या फटीतून ओढा. इथे ओला कपडा लावायचा मोह आवरा, कारण काळ्या मातीला पाणी लागलं की ती फटीत आणखी खोल जाते. जेवढी कोरडी निघेल तेवढी आधी काढून टाकायची. माझ्या मते पूर्ण कामातला निम्मा वेळ या ब्रशवरच जायला हवा.

हवा मारायची असेल तर हार्डवेअरच्या दुकानात हातात धरायचा इलेक्ट्रिक ब्लोअर मिळतो, तो वीतभर लांबून, बाहेर ओट्यावर जाऊन मारा. नाकाला रुमाल बांधा. पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणणारे महाभाग मी पाहिलेत. एके काळी मीही त्यांतलाच. त्या हवेबरोबर टाकीतलं पाणी आणि तेलाचा अंश येतो, आणि जोर इतका की बटण उडून पलीकडच्या नालीत जाईल. डब्यातली दाबाची हवा मिळाली तर डबा उभाच धरा. आडवा किंवा उलटा केला की आतला द्रव थंडगार बाहेर येतो.

बटणं काढून धुणं

हे फक्त टेबलावरच्या साध्या किंवा मेकॅनिकल (दर बटणाखाली वेगळा स्विच असलेल्या) कीबोर्डसाठी. लॅपटॉपची बटणं उपटू नका. त्यांच्याखाली कात्रीसारखी नाजूक प्लास्टिकची जोडणी असते, ती एकदा मोडली की बटण डुगडुगत राहतं.

आधी मोबाईलवर कीबोर्डचा स्पष्ट फोटो काढा. 'मला पाठ आहे' म्हणणाऱ्याची एंटरच्या खालची बटणं हमखास चुकतात. दोन बाजूंनी सारखा जोर लावत बटण सरळ वर ओढा. त्यासाठी तारेचा चिमटा मिळतो, नाहीतर कागदाच्या दोन पिना सरळ करून टोकाला आकडा वाकवला तरी भागतं. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटलं तर दांडा मोडतो. स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब बटणांच्या खाली लोखंडी तार असते. दर वेळी तीच बसवताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून तिथे मळ नसेल तर ती बटणं काढूच नका. जुन्या माणसांचं हे म्हणणं मला आता पटतं.

काढलेली बटणं कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासा. खळखळ धुऊन चहाच्या नाही, पिठाच्या चाळणीत उलटी टाकून पंख्याखाली रात्रभर सुकवा. लवकर वाळावीत म्हणून मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर टाकू नका. साध्या प्लास्टिकची पांढरी बटणं उन्हाने पिवळी पडतात, आणि वारा आला की पत्र्यावरून कुठे जातील सांगता येत नाही. बटणाच्या आतल्या खोबणीत पाण्याचा थेंब बराच वेळ लपून बसतो. श्रावणातल्या दमट हवेत तर दोन दिवस द्या.

पाण्याबद्दल एक गोष्ट आमच्या भागात महत्त्वाची आहे. बोअरचं पाणी क्षाराचं. बादलीत, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तोच कीबोर्डात बसेल. बटणं धुवायला बोअरचं पाणी चाललं तरी शेवटचं खळखळणं जारच्या शुद्ध पाण्यात करा. आणि कीबोर्डच्या अंगाला, म्हणजे बटणं काढल्यावर जो सांगाडा उरतो त्याला, पाणी लावायचंच असेल तर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. दुकानदाराला 'बॅटरीचं पाणी' एवढंच सांगितलं तर क्वचित ॲसिडची बाटली हातात येते, म्हणून लेबल वाचून घ्या.

सांगाडा पुसताना

इथे सॅनिटायझरऐवजी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीची दुकानं बोर्ड धुवायला हेच वापरतात, त्यांच्याकडे किंवा ते माल जिथून घेतात तिथे मिळतं. नव्वद टक्क्यांच्या वरचं घ्या. सत्तर टक्क्यांच्या बाटलीत तीस टक्के पाणी असतं, ते चालतं पण वाळायला वेळ लागतो. मेडिकलमधून स्पिरिट आणणार असाल तर मागचं लेबल वाचा. काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल तेल असतं, आणि मग पुन्हा आपल्या सॅनिटायझरचीच गोष्ट. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यांचं नाव काढू नका. ॲसिटोनने बटणाचं प्लास्टिक विरघळतं.

बाटली कधीही कीबोर्डवर उलटी करायची नाही. कानकोरणीच्या कापसाला अल्कोहोल लावा, बोटांनी दाबून जास्तीचं काढा, आणि प्रत्येक बटणाच्या नळीची आतली कड फिरवून पुसा. कापूस काळा झाला की बदला. माझ्या ५ च्या एका बटणाला सहा काड्या लागल्या. खोलीचं दार उघडं ठेवा आणि देवाजवळची उदबत्ती आधी विझवा, कारण हे भडकन पेटतं. ज्यांच्या बटणांवर अक्षरं नुसती छापलेली आहेत त्यांनी वरून जोरात चोळू नये. महिनाभरात 'ए' आणि 'एस' पुसट होतात.

मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेत का? इन्स्क्रिप्ट (मराठी टायपिंगची एक मांडणी) शिकणारी पोरं ते हमखास लावतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्यांचा गोंद पाझरतो आणि कडेने खाली उतरतो. आमच्याकडे मात्रेचं एक बटण त्यामुळेच चिकटत होतं आणि मी बापड्या चहाला दोष देत होतो. स्टिकर काढा, राहिलेला गोंद अल्कोहोलने पुसा. ठेवायचेच असतील तर बटणाच्या कडेपासून आत बसतील एवढे कापून लावा.

हे करूनही बटण उमटत नसेल तर मागचे स्क्रू काढावे लागतात. एखादा स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो, तो सापडेपर्यंत ओढाताण करू नका. साध्या कीबोर्डात रबराच्या टोप्या आणि त्यांच्याखाली प्लास्टिकचे तीन पापुद्रे दिसतील. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चंदेरी रेघा, मधल्याला भोकं. बटण दाबलं की भोकातून दोन रेघा एकमेकींना शिवतात आणि अक्षर उमटतं. पापुद्र्यांच्या मध्ये ओल किंवा चहा गेला असेल तर तो अल्कोहोलच्या हलक्या हाताने टिपा, रेघा चोळू नका. रेघ काळी-हिरवी पडून तुटली असेल तर तिथेच थांबा. पापुद्रे ज्या पट्टीखाली सर्किटला टेकतात तिथल्या काळ्या ठिपक्यांना अल्कोहोलचा कापूस घासू नका, तो लेप निघून आला तर चालू कीबोर्डही बंद पडतो. हे मी एकाचा बळी देऊन शिकलो.

चहा सांडला तर

आधी वायर ओढा, मग हळहळा. कीबोर्ड उलटा करून झटका, फडक्याने टिपून घ्या. दुधाचा, गोडाचा चहा वाळला की साखर राहते आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते. म्हणून साध्या वायरच्या कीबोर्डवर लगेच डिस्टिल्ड पाण्याने साखर धुऊन काढली आणि नंतर दोन-तीन दिवस वाळवला, तर तो वाचण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्यात तर काहीच अर्थ नाही, उलट तांदळाचा भुगा आत जातो.

लॅपटॉपवर सांडला तर पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखा उघडा-उलटा ठेवा आणि तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या. "चालू होतोय का बघू तरी" म्हणून मध्येच बटण दाबलं की बोर्ड जातो. तिथे कीबोर्डच्या खालीच सगळा संसार असतो.

पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय बदललं

टेबलाची जागा फिरवली. आधी कीबोर्ड दाराकडे तोंड करून, पंख्याच्या बरोबर खाली होता, म्हणजे रस्त्यावरचा सगळा धुराळा पंखा गोळा करून त्याच्यावरच पाडत होता. आता तो भिंतीकडे आहे. रात्री जाताना त्याच्यावर जुन्या उपरण्याचा तुकडा टाकतो. सिलिकॉनचं कव्हर लावून पाहिलं, पण त्याच्याखालीच घाम आणि धूळ साचते आणि टायपिंगचा वेग पडतो. मला तरी ते आवडलं नाही.

ओटीपी आता लोक कागदावर लिहून देतात किंवा मोठ्याने सांगतात, कीबोर्डला बोट लावू देत नाही. बायोमेट्रिकच्या यंत्राजवळ ओला नॅपकिन ठेवलाय. त्याचा दुहेरी फायदा झाला, मातीच्या बोटांचे ठसेही पहिल्यापेक्षा लवकर उठायला लागले. दसऱ्याला हळदकुंकू मॉनिटरच्या स्टँडला लावतो, अक्षता टेबलाच्या कोपऱ्यावर. आईला हे पटवायला जरा वेळ लागला. ती म्हणाली, "मंग पूजा कशाची करायलास, टेबलाची?"

दर शनिवारी दुकान बंद करताना कोरडा ब्रश आणि थोपटणं, दोन मिनिटं. अल्कोहोलच्या काड्या पेरणीनंतर एकदा आणि कापसाचा हंगाम संपल्यावर एकदा. फडक्याने वरून पुसायचं तर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं, बस.

साधा कीबोर्ड चारशे-पाचशे रुपयांना येतो. एकच बटण अडकत असेल तर त्याच्यासाठी एक संध्याकाळ घालवणं परवडतं. पापुद्र्याच्या रेघा गेल्या असतील तर नवा आणा आणि जुन्याची बटणं, तारा, स्क्रू डब्यात टाकून ठेवा. माझ्या सध्याच्या कीबोर्डवर ५ च्या जागी त्याच जातीच्या जुन्या कीबोर्डचं बटण बसवलंय. रंग जरा पिवळट आहे, त्यामुळे न बघताही बोट बरोबर तिथेच जातं.